थोरवीचा कौल घेणाऱ्या संपादकांस

वृत्तवाहिन्यांच्या आणि नियतकालिकांच्या सर्व संपादकांस,


१५ ऑगस्ट २०२७ रोजी स्वातंत्र्याला ८० वर्षे पुरी होतील. तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर ‘देशातली सर्वांत थोर व्यक्ती कोण? तुम्हीच ठरवा!’ असा एखादा प्रस्ताव आतापासूनच येऊन पडला असेल, अशी मला दाट शंका आहे. अशा कार्यक्रमाला प्रायोजक पटकन मिळतात, निवेदनाला सिनेनट मिळतो आणि महिनाभर चर्चेला विषय पुरतो. प्रस्तावावर सही करण्याआधी हे पत्र वाचावे, एवढीच विनंती.

२०१२ सालचा प्रयोग तुम्हाला आठवत असेल. ‘आउटलुक’, ‘सीएनएन-आयबीएन’ आणि ‘हिस्टरी टीव्ही १८’ यांनी बीबीसीच्या सहकार्याने ‘द ग्रेटेस्ट इंडियन’ नावाचा उपक्रम केला आणि त्याचे निवेदन अमिताभ बच्चन यांनी केले. २८ जाणकारांच्या मंडळाने नावे सुचवली, ती ५० वर आणली गेली. मग जाणकारांची मते, बाजार-सर्वेक्षण आणि लोकांची मते यांची बेरीज करून १० नावे उरली, आणि शेवटच्या फेरीत त्यांच्यावर फोन आणि इंटरनेटवरून मते मागवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिले आले. त्यांना १९,९१,७३५ मते होती. दुसरे अब्दुल कलाम, मते १३,७४,४३१. तिसरे सरदार पटेल, पाच लाखांच्या वर. पुढे वाजपेयी, मदर तेरेसा, जेआरडी टाटा, सचिन तेंडुलकर, इंदिरा गांधी, लता मंगेशकर. आणि दहावे पंडित नेहरू. त्यांची मते ९,९२१.

हे आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्या आणि दहाव्या नावात दोनशे पटींचे अंतर आहे. नेहरूंवर कितीही राग असला, बाबासाहेबांवर कितीही श्रद्धा असली, तरी एका देशाच्या मनात दोन माणसांबद्दलच्या आदरात दोनशे पटींचा फरक पडत नाही. असा फरक पडतो तो फोन उचलणाऱ्यांच्या संख्येत. तुमच्या यंत्राने मोजले ते तेच, पण पडद्यावर झळकला तो मात्र ‘देशाचा कौल’.

ज्यांना हा निकाल खटकला, त्यांनी त्या वेळी लगेच नाके मुरडली. ही संघटित मते आहेत, एकगठ्ठा आहेत, वस्त्यावस्त्यांतून मोहीम चालवून आणली आहेत, असा तो सूर होता. मोहीम चालली होती, हे खरेच. त्या जुलैत आमच्या भागातल्या विहाराच्या फळ्यावर, जिथे एरवी वंदनेची वेळ आणि वर्षावासाचे कार्यक्रम लिहिलेले असतात, तिथे खडूने एक फोन नंबर लिहिला होता आणि त्याखाली दुहेरी रेघ ओढली होती. संध्याकाळी कॉलेजातली दोन पोरे पायरीवर बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे मोबाइल हातात घेत आणि नंबर लावून देत. एका आजीने विचारले, “पैसे कटतील का रे?” पोरगा म्हणाला, “कटले तर मी भरीन, आजी.” आजी म्हणाली, “तू कशाला? बाबासाहेबांसाठी माझेच कटू दे.”

यात लपवण्यासारखे काय आहे? ज्या समाजाने ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची रांग स्वतःच्या शिस्तीने लावली, जिथे जयंतीच्या मिरवणुकीइतकेच पुस्तकांच्या स्टॉलला महत्त्व आहे, त्याला मत नोंदवायची हाक दिली तर तो नोंदवणारच. दुसऱ्या कोणाच्या चाहत्यांना कुणी अडवले नव्हते. नेहरूंच्या चाहत्यांनी अग्रलेख लिहिले, फोन केले नाहीत.

आणि हा आक्षेप घेणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. हा खेळ मूळचा बीबीसीचा. २००२ साली त्यांनी थोर ब्रिटनवासी निवडले. चर्चिल पहिले आले, साडेचार लाखांवर मतांनी. दुसरे कोण आले असेल? शेक्सपिअर नव्हे, न्यूटन नव्हे, डार्विनही नव्हे. दुसरा आला इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल, रेल्वे, पूल आणि बोटी बांधणारा एकोणिसाव्या शतकातला अभियंता, चार लाखांच्या आसपास मते घेऊन. त्याच्या नावाचे एक विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी जोर लावला होता आणि टीव्हीवर त्याची बाजू लोकप्रिय निवेदक जेरेमी क्लार्कसन यांनी मांडली होती. तिसऱ्या क्रमांकावर, पाच वर्षांपूर्वीच वारलेली, राजकन्या डायाना. ब्रुनेलच्या पोरांनी मते गोळा केली तेव्हा इंग्लंडात त्याचे कौतुक झाले. विहाराच्या पायरीवरची पोरे तेच करतात तेव्हा ती मते ‘एकगठ्ठा’ होतात.

म्हणून माझी तक्रार निकालाबद्दल नाही. तुम्ही प्रश्न विचारता एक, मोजता दुसरेच आणि जाहीर करता तिसरेच, हे माझे म्हणणे आहे.

प्रश्नाचेच बघा. २०१२ च्या उपक्रमाचे पूर्ण नाव होते ‘गांधींनंतरचा सर्वांत थोर भारतीय’. गांधीजी आधीच बाजूला काढलेले. त्यांच्या जवळपासही कोणी येणार नाही, मग स्पर्धेत मजा काय, असे त्यावरचे समर्थन होते. ज्या चाचणीत लोकांना ठरवू द्यायचे, तिचा सर्वांत मोठा निर्णय आयोजकांनी मतदान सुरू होण्यापूर्वीच घेऊन टाकला, आणि तोही कोणत्या दोन माणसांच्या बाबतीत? १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात ज्यांच्यात देशातला सर्वांत कठीण वाद मिटवला गेला (मिटला म्हणायला जीभ रेटत नाही), त्या दोघांपैकी एकाला आधीच मखरात बसवायचे आणि दुसऱ्याला म्हणायचे, या, तुमच्यासाठी दुसऱ्या क्रमांकाची शर्यत लावली आहे. आंबेडकरी तरुणांना हे तेव्हाही कळले होते. माझ्या ओळखीचा एक जण म्हणाला, “‘नंतर’ हा शब्द काळाचा आहे की मानाचा, तेवढे विचारून सांगा.” ते मी आज विचारत आहे.

गंमत म्हणजे दक्षिण आफ्रिकेने असे काही केले नाही. २००४ साली तिथल्या सरकारी वाहिनीने थोर दक्षिण आफ्रिकन निवडले, तेव्हा मंडेला पहिले आले आणि गांधीजी चौथे. १९१४ साली तो देश सोडून आलेल्या माणसाला त्यांनी आपला म्हणून रांगेत उभे केले, मते मोजली आणि चौथा नंबर दिला. कोणाचे आभाळ कोसळले नाही. कोसळले ते दुसऱ्याच कारणाने. त्याच यादीत एकोणिसाव्या जागी हेंड्रिक फर्वूर्ट, म्हणजे वर्णभेदाच्या राजवटीचा शिल्पकार मानला जाणारा पंतप्रधान, येऊन बसला. वाहिनीने पुढचे भाग गुंडाळले.

असेच, किंबहुना याहून जास्त, पोर्तुगालमध्ये घडले, आणि ही गोष्ट गोव्याच्या वाचकांना तरी विसरता येण्यासारखी नाही. मार्च २००७ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीवर ‘थोर पोर्तुगीज’ निवडला गेला. वास्को द गामा होता, महाकवी कामोंइश होता, पण पहिला आला आंतोनियु द ओलिव्हैरा सालाझार. ४१ टक्के मते. हाच तो सालाझार, ज्याच्या राजवटीने १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. ज्याने १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य आत शिरल्यावर आपल्या तुटपुंज्या फौजेने शरण न जाता शेवटपर्यंत लढावे असा हुकूम लिस्बनमधून सोडला. पोर्तुगीज गव्हर्नराने तो पाळला नाही, म्हणून पणजी शाबूत राहिली.

पण मला त्या यादीतल्या पुढच्या दोन नावांनी जास्त गुंतवून ठेवले. दुसरा आला आल्वारु कुन्याल, कम्युनिस्ट नेता, १९ टक्के. याला सालाझारनेच वर्षानुवर्षे तुरुंगात टाकले होते आणि १९६० च्या जानेवारीत तो पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यातून निसटला. गोव्याच्या मुक्तिलढ्यातले आपले नेते टी. बी. कुन्या यांना गोव्यातून नेऊन डांबले होते ते याच पेनिशच्या किल्ल्यात. तिसरा आला आरिस्तीदीश द सोझा मेंडिश, बोर्दोचा पोर्तुगीज कॉन्सल. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडत असताना त्याने सालाझारचा लेखी हुकूम मोडून निर्वासितांना, त्यांत हजारो ज्यूंना, व्हिसा वाटले. सालाझारने त्याची नोकरी संपवली आणि तो कफल्लक होऊन मेला.

पहिल्या जागी हुकूमशहा, दुसऱ्या जागी त्याचा कैदी आणि तिसऱ्या जागी त्याने देशोधडीला लावलेला अधिकारी. याला थोरांची यादी म्हणायचे? १९७४ च्या क्रांतीनंतर ३३ वर्षांनीही पोर्तुगालमध्ये सालाझारवरचे भांडण मिटलेले नाही, याचा तो पुरावा होता, आणि पुरावा म्हणून तो फार मोलाचा होता. वाहिनीने एखाद्या इतिहासकाराला बसवून हे तीन आकडे उलगडून दाखवले असते तर तो त्या वर्षाचा सर्वोत्तम कार्यक्रम झाला असता. पण विजेता जाहीर करायचा असल्यावर उलगडायला वेळ कोणाला असतो.

आता पुन्हा आपल्याकडे. २०१२ च्या विजेत्याने आयुष्यभर एका गोष्टीचा खल केला, ती म्हणजे मत. कोणाला मत असावे, कोणी कोणाला निवडावे, बहुसंख्येत अल्पसंख्येच्या मताचे काय होते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली तेव्हापासून हा विषय त्यांच्या मागे होता. आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, त्यांनीच घडवलेल्या घटनेनुसार, उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर ते काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे १५ हजार मतांनी पडले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. तिथे प्रत्येकाला ठरावीकच मते होती. उत्साहाला वजन नव्हते. साठ वर्षांनी ज्या मतदानात उत्साहालाच वजन होते, तिथे ते वीस लाखांनी पहिले आले. दोन्ही निकाल खरे आहेत. पण दोन्ही एकाच गोष्टीचे नाहीत, हे बाबासाहेबांइतके स्पष्ट दुसऱ्या कोणी सांगितले नसते.

थोर कोणाला म्हणावे, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे, आणि तुमच्या २८ जाणकारांपैकी किती जणांनी ते वाचले होते, हे विचारायचा मोह होतो. १८ जानेवारी १९४३, पुणे, गोखले स्मारक सभागृह. डेक्कन सभेने न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१व्या जयंतीला त्यांना बोलावले होते. सभागृहात बसलेले पुणे आणि बोलायला उभे राहिलेले आंबेडकर, हा प्रसंगच मुळी बघण्यासारखा असणार. रानडे थोर होते का, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला आणि मग थोरवीची व्याख्या एकेक पायरी चढत केली. प्रामाणिकपणा हवा, पण तेवढ्याने भागत नाही. नुसता प्रामाणिक माणूस मूर्खही असू शकतो. बुद्धी हवी. प्रामाणिकपणा आणि बुद्धी दोन्ही असतील तर माणूस नामवंत होईल, तरीही थोर होईलच असे नाही. थोर होण्यासाठी सामाजिक हेतूची धग लागते. समाजाला फटके मारण्याची आणि त्याची घाण उपसण्याची तयारी लागते. या कसोटीवर त्यांनी रानड्यांना थोर म्हटले, आणि त्याच भाषणात गांधी आणि जीना यांच्या अहंकारावर कोरडे ओढले. वीरपूजेबद्दलही बोलले: एखाद्याचे मनापासून कौतुक करणे निराळे आणि त्याच्यापुढे स्वतःची अक्कल गहाण टाकणे निराळे. सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीपुढच्या भाषणात त्यांनी हाच इशारा राजकारणातल्या भक्तीबद्दल दिला.

त्या कसोटीत लोकप्रियता कुठेच बसत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. जो समाजाची घाण उपसतो, तो आपल्या हयातीत समाजाला प्रिय असणे अवघडच. १९५२ च्या उत्तर मुंबईने तेच सांगितले होते.

आता असा प्रयोग कोणी महाराष्ट्रापुरता करायला निघाले तर काय होईल, ते मी आजच लिहून देतो. पहिली गोष्ट, छत्रपती शिवाजी महाराजांना स्पर्धेत ठेवायची कोणाची छाती होणार नाही. म्हणजे पुन्हा एक ‘नंतर’. मग टिळक, फुले, शाहू, आंबेडकर, सावरकर, यशवंतराव, आणि त्यांच्या मागे ज्याची त्याची मंडळे. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी केलेले व्हॉट्सॲपचे गट या कामाला लागतील. तीन दिवसांत स्पर्धेची जातनिहाय शिरगणती होईल आणि चौथ्या दिवशी तुमच्याच स्टुडिओत तिच्यावर आरडाओरडा सुरू होईल. आणि होईल काय, तर गुरू-शिष्यांची झुंज लागेल. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असे बाबासाहेब सांगत. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हे १९४६ चे पुस्तक त्यांनी जोतीरावांना अर्पण केले. ‘मूकनायक’ काढायला १९२० साली शाहू महाराजांनी पैसे दिले आणि त्याच वर्षी माणगावच्या परिषदेत या तरुण बॅरिस्टर होऊ घातलेल्या माणसाला त्यांनी बहुजनांपुढे पुढारी म्हणून उभे केले. विजेत्यालाच मतपत्रिका दिली असती तर त्याने कोणापुढे फुली मारली असती, ते सांगायला नको. ती नावे एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत, आणि तुम्ही त्यांना पायऱ्यांवर मांडून सुवर्ण, रौप्य आणि कांस्य वाटणार.

तरीही तुम्ही हा कार्यक्रम करणारच, हे मला माहीत आहे. प्रायोजक माझे पत्र वाचत नाहीत. तेव्हा निदान एवढे करा. मोजणी उघडी ठेवा. एका फोनवरून किती मते घेतली, किती बाद केली, कोणत्या दिवशी कोणाची मते अचानक वाढली, कोणत्या जिल्ह्यातून किती आली, हे विजेत्याच्या छायाचित्राइतक्याच ठळकपणे छापा. जाणकारांनी स्वतःची मते कोणाला दिली, तेही नावानिशी छापा. लोकांनी आपले मत उघड द्यायचे आणि तज्ज्ञांनी पडद्याआडून, हे बरे दिसत नाही. आणि ‘देशाचा कौल’ हे शब्द कृपया वापरू नका. ‘मत नोंदवणाऱ्यांचा कौल’ म्हणा. शीर्षक थोडे लांब होईल, चालेल.

शेवटी एक मागणी. यादीच्या खाली एक कोरी ओळ सोडा, ज्याला हवे ते नाव तिथे लिहू द्या. लोक खट्याळपणा करतील म्हणाल, तर करू द्या. चेक प्रजासत्ताकाने २००५ साली अशी निवड केली, तेव्हा लोकांनी यारा त्सिमरमान या गृहस्थाला मते दिली. हे विनोदासाठी निर्माण केलेले काल्पनिक पात्र, सगळे शोध ज्याने आधी लावले पण श्रेय कधीच मिळाले नाही असे. आपल्याकडे कोणी सखाराम गटणे लिहावे, तसे. तो पहिला येऊ लागला तेव्हा आयोजकांनी त्याला अपात्र ठरवले आणि चौथा कार्ल राजा जिंकला. आता त्या स्पर्धेतला राजा कोणाच्या लक्षात नाही, त्सिमरमान मात्र सगळ्यांना माहीत आहे.

मी त्या कोऱ्या ओळीवर र. धों. कर्वे असे लिहिणार आहे. वडील धोंडो केशव कर्वे तुमच्या पहिल्या यादीत असतीलच. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकी सोडली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले; ते कर्जात राहिले आणि अश्लीलतेच्या खटल्यांत पुन्हा पुन्हा कोर्टात उभे राहिले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. खटला दोघेही हरले आणि कर्व्यांना दंड झाला. मासिकाचा पुढचा अंक निघाला.



आपला,
एक वाचक